दोन सीटांची सायकल

पुढचं सीट माझं, मागचं नोरीनाचं.
हँडल माझ्याकडे, ब्रेक माझ्याकडे,
तक्रारी सगळ्या तिच्याकडे.
"ओरेस्ते, पायडल मारतोयस
की पाय ठेवून बसलायस नुसता?"
थोरली बहीण. वय एकाहत्तर.
डोळे गेले त्याला हा नववा उन्हाळा.

लिगुरियाच्या किनाऱ्यावरची ही वाट
पूर्वी आगगाडीची होती.
रूळ उचलले, खडीवर डांबर ओतलं,
गाड्या गेल्या आत, डोंगराच्या पोटात.
आता इथे हॉर्न नाही, ट्रक नाही,
आमच्या चेनची किरकिर तेवढी,
आणि खाली खडकांवर समुद्र,
रात्रीची भांडी अजून घासतोय.

बावीस वर्षं ती याच वाटेने गेली,
पहाटेच्या गाडीने, फुलबाजारात,
कार्नेशनच्या टोपल्या गुडघ्यांत धरून.
खिडकीत बोगदा, समुद्र, बोगदा, समुद्र,
कुणी पत्ते पिसावेत तसा.

पहिल्या वर्षी मी सगळं सांगायचो.
पाणी निळं आहे, नोरीना.
आभाळही निळंच आहे.
ती म्हणाली, "ते ठाऊक आहे मला.
निळं मी पोटभर पाहून घेतलंय.
नवीन काय ते सांग."

रोजच्या किनाऱ्यावर नवीन शोधायचं
म्हणजे काय ते मला विचारा.

वेटिंग रूममध्ये आता आइस्क्रीम मिळतं.
पाणकावळा खडकावर पंख वाळवतोय,
उलट्या झालेल्या छत्रीसारखा.
एक परदेशी जोडपं, मागच्या ट्रेलरमध्ये कुत्रा,
कुत्र्याच्या डोळ्यांवर गॉगल.
("खोटं." "आईशप्पथ.")
तुल्लियोने होडी पालथी घालून रंगवलीय,
होडीपेक्षा तोच जास्त रंगलाय.

मग मोठा बोगदा.
आत शिरलो आणि मध्यावर दिवे गेले.
डोळ्यांत बोट घातलं तरी कळेना असा काळोख.
माझे हात हँडलवर गोठले,
पाय विसरले कुणाचे आहेत ते.

"थांबू नकोस," मागून आवाज,
"थांबलास की दोघंही आडवे.
सरळ चल. अजून सरळ.
डाव्या कानाला गार लागलं का?
तो कोनाडा. गाडी आली की
गँगमन तिथे भिंतीला पाठ लावायचे.
आता मोज. वीस. सावकाश, माझ्या टोपल्या
इथेच डावीकडे कलायच्या,
म्हणजे तू उजवीकडे घे.
उजवीकडे म्हणाले, ओरेस्ते,
लहानपणापासून तुझं हे असंच."

घेतलं.
डांबर चाकाखाली होतं.
तिचे पाय माझ्या पायांना ढकलत होते,
पहिल्यांदाच कळलं, किती जोर होता त्यांत.
म्हणजे एवढी वर्षं
बसून कोण होतं नुसतं?

हे मी विचारलं नाही.

आधी करड्या रंगाचा एक ठिपका, मग बशी,
मग परातीएवढं ऊन, आणि भसकन
सगळा किनारा अंगावर आला.
मला काही दिसेना. पाणी आलं डोळ्यांना.
तिने मात्र नाक वर केलं:
"मीठ. ऊन लागलेली रोझमेरी.
आणि कुणीतरी सार्डिन जाळलेत.
हं, आता तू सांग."

निळं अगदी ओठांशी आलं होतं.
गिळलं. शोधत राहिलो.

"खडकावर एक चप्पल आहे."
"एकच?"
"एकच. लाल. पट्टा तुटलेला."
"कुठल्या पायाची?"
"इथून कसं कळणार?"
"उतर आणि बघ."

उतरलो. सायकल तिने धरली,
एक पाय जमिनीवर, एक पायडलवर,
स्टेशनात दोन मिनिटं थांबलेल्या गाडीसारखी.
तीन खडक खाली गेलो,
चौथ्यावर गुडघा फोडून घेतला.

"डाव्या पायाची!" खालून ओरडलो.

"वाटलंच मला," नोरीना म्हणाली,
कशावरून, ते देव जाणे,
आणि चल म्हणून
घंटी वाजवली.